देणगी स्पीकरवर, खर्च कानात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्याच भागातल्या एका मंदिराच्या जीर्णोद्धाराची बातमी आली होती, फोटोसकट. फेटे बांधलेले सात-आठ जण, मधी दाराएवढा थर्माकोलचा चेक, आणि खाली परराज्यातल्या गलाई बांधवांच्या मंडळाकडून भरघोस देणगी असं काहीतरी. फोटोतले निम्मे माझ्या ओळखीचे, दोघांच्या लग्नात तर मी पंगतीला वाढलंय. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चेकवरचा आकडा बघितला आणि मनात आलं की हे पैसे कुणाकुणाकडनं जमले, एकूण किती जमले होते आणि त्यातले इथवर किती पोचले, हे या फोटोतल्या किती जणांना सांगता येईल? माझ्या अंदाजानं दोघांना. आणि ते दोघं सांगणार नाहीत.

म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण हिशोबाचा भाग तेवढा ठेवा.

मी खानापूर तालुक्यातला. ७२ च्या दुष्काळानं घरातली कणगी रिकामी केली आणि १९७३ ला सोळाव्या वर्षी चुलत्याबरोबर तमिळनाडूत गेलो, गलाईच्या दुकानात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सोनारांच्या दुकानातला केर, धूळ, पुसायची फडकी सुद्धा विकत घ्यायची, जाळायची, धुवायची, मुशीत आटवायची, ॲसिडमधनं काढायची आणि त्यातनं गुंजभर सोनं हाताला लागलं तर त्या दिवशी जेवण गोड. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, पलीकडं साताऱ्यातलं खटाव-माण, ह्या सगळ्या पट्ट्यातली माणसं याच धंद्यावर केरळपासून बंगालपर्यंत पसरली. ४८ वर्षं तिकडं काढली, २०२१ ला गावी आलो. आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, रानात ऊस दिसतो, आमच्या लहानपणी तिथं कुसळं होती. दुकान पोरगा बघतो. पोराचं दुकान अजून तिकडंच आहे हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आमच्या शहरातलं मंडळ कसं सुरू झालं ते मी डोळ्यानं बघितलंय. नाव लिहीत नाही, शहराचं पण नाही. ७८-७९ चं साल असेल, एका दुकानातला आटपाडीकडचा पोरगा रात्रीचा गेला, वय वीस-बावीस. प्रेत गावी न्यायचं तर गाडीभाडं कुठलं. मग एका म्हाताऱ्या शेठनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दुकानादुकानातनं फिरवला, कुणी दहा टाकले कुणी पन्नास, पहाटे दुकानाच्या फळीवर सगळे पैसे ओतून मोजले, आणि सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या पांढऱ्या कागदावर नावं लिहिली. गाडी गेली, आली, डिझेल, ड्रायव्हर, बर्फ असा सगळा खर्च त्याच कागदाच्या मागं उतरवला आणि उरलेले ३४० रुपये कागदासकट पोराच्या आईच्या हातात. आईला वाचता येत नव्हतं, तिनं कागद देव्हाऱ्यात ठेवला म्हणे.

साहेब, त्या कागदात जमा होती, खर्च होता, शिल्लक होती आणि शिल्लक कुणाला दिली ते पण होतं. त्यानंतर चाळीस वर्षांत मंडळाची स्वतःची इमारत झाली, खाली हॉल, वर राहायच्या खोल्या, गणपती, शिवजयंती, हळदी-कुंकू, शिष्यवृत्त्या, गावाकडं देणग्या. पण तसला एक कागद मला परत बघायला मिळाला नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, टीव्हीवर मारुती चौक पाण्यात बघून तिकडं आम्हाला जेवण जाईना. मंडळानं दोन दिवसात पैसा उभा केला, हे मान्यच केलं पाहिजे, असली धावपळ आमच्या लोकांनीच करावी. मी स्वतः पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरलो, तमिळ सोनारांनी सुद्धा दिले, एका मारवाड्यानं तर नाव न सांगता दिले. दोन ट्रक भरले, चादरी, तांदूळ, बिस्किटाचे बॉक्स. चादरीचे गठ्ठे चढवताना माझी पाठ धरली ती अजून सुटली नाही.

जानेवारीत सभा झाली. मी उठून एवढंच विचारलं की पुराच्या निधीला जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. हॉल गप्प. खजिनदार म्हणाले, नाना, तुम्ही पण? तुम्ही पण म्हणजे काय हो, मी काय वेगळं विचारलं? अध्यक्षांनी हात जोडले, म्हणाले सगळं बॅलन्सशीटमधी आहे, आणि एक छापील कागद फिरवला. त्यात पूर हा शब्दच नव्हता. 'इतर सामाजिक खर्च' अशी एक ओळ आणि पुढं ठोक रक्कम, लाखातली. त्या एका ओळीत पूर होता, शिवजयंतीचा ढोल होता, कुणा पुढाऱ्याच्या सत्काराची शाल पण तिथंच होती असं नंतर कळलं. मी म्हटलं पावतीपुस्तकं दाखवा, मी फाडलेल्या पावत्यांच्या स्थळप्रती तरी असतील. तर म्हणाले सीएकडं आहेत. सीएकडं माणूस पाठवला तर तो म्हणाला मला फक्त टोटल दिली होती. मग कळलं की अंतर्गत हिशोब तपासनीस म्हणून ज्यांची सही होती ते खजिनदारांचे सख्खे साडू. पुढं दोन महिन्यात कोरोना आला, लॉकडाऊन लागला, सभाच बंद, आणि तो विषय ट्रकमधल्या भिजलेल्या चादरीसारखा कोपऱ्यात पडला तो पडलाच.

पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही आणि मी बघितलेलं नाही. खजिनदार माणूस सरळ सुद्धा असेल. पण त्याचा सरळपणा आम्हाला कळायचा कशावरनं?

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण सगळ्यात जास्त राग मला तिथं येतो. गलाईवाला सोनं आटवतो, लगडी पाडतो, पण टंच? टंच म्हणजे सोनं किती शुद्ध ते, ते दुसऱ्या दुकानात काढतात. गिऱ्हाईक कितीही घरचं असू द्या, तुकडा कापून तो टंचवाल्याकडं पाठवणार आणि तो जो आकडा सांगेल त्यावर हिशोब होणार, यात कुणालाच राग येत नाही. सरकारनं १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचं केलं त्यात पण हेच, दागिना घडवणारा सोनार वेगळा आणि तपासून त्यावर सहा अक्षर-आकड्यांचा नंबर मारणारं सेंटर वेगळं. आयुष्यभर पाव रत्ती फरकासाठी दुसऱ्याचा टंच मागणारी आम्ही माणसं, मंडळाच्या लाखो रुपयांचा टंच मात्र साडूच्या सहीवर घेतो. कुंपणानं शेत खाल्लं का नाही हे कुंपणालाच विचारायचं, असला प्रकार.

मग बोलत का नाहीत लोक? इथनं बघणाऱ्याला सोपं वाटतं. तिकडं माणूस एकटा असतो साहेब. भाषा परकी, पोलीस परका, दुकानावर धाड पडली तर ओळखीचा वकील मंडळच देतं, आजारी पडला तर मंडळाचीच खोली. धंदा सगळा जबानीवर, सकाळी एकाकडनं पन्नास ग्रॅम माल विश्वासावर आणायचा, संध्याकाळी फेडायचा. कमिटीवरची माणसंच बाजारातले मोठे शेठ. त्यांनी फोनवर एवढंच म्हटलं की जरा बघून माल द्या त्याला, की दुकान बसलं. पोरीचं लग्न जमवायचं तर तेच मध्यस्थ. त्यामुळं अळीमिळी गुपचिळी. मी जानेवारीत प्रश्न विचारला तर मार्चमधी माझ्या पोराला दोन ठिकाणी माल मिळाला नाही. योगायोग असेल. त्यानं मला फोन करून सांगितलं, आप्पा, तुम्ही गावी जायचं बघा आता, आणि खरंच पुढच्या वर्षी मी आलो.

कायद्याचं विचारलं तर इथं महाराष्ट्रात बरं आहे, कागदावर तरी. मुंबईत, पुण्यात आपल्या गावांची जी ग्रामस्थ मंडळं आहेत त्यातली ट्रस्ट म्हणून नोंदलेली धर्मादाय आयुक्तांकडं येतात, १९५० चा कायदा, ज्याला आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतात. त्यात दरवर्षी हिशोबाचं ऑडिट, कमिटी बदलली तर ९० दिवसात चेंज रिपोर्ट, आणि कलम ३६ प्रमाणं आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची जागा विकता येत नाही. हिशोब द्यायला सारखी टाळाटाळ केली तर कलम ४१-ड खाली विश्वस्ताला काढता सुद्धा येतं. सांगलीत, साताऱ्यात धर्मादाय कार्यालय आहे, एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी. आमच्यासारख्यांची अडचण वेगळी. मंडळ नोंदलेलं तमिळनाडूत, तिथल्या १९७५ च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, जिल्हा रजिस्ट्रारकडं. योगायोग बघा, तिकडं पण कलम ३६ च, त्यात एक तृतीयांश सभासदांनी अर्ज केला तर रजिस्ट्रार संस्थेच्या कारभाराची आणि पैशाची चौकशी लावू शकतो. वाचून मला हुरूप आला होता. पण एक तृतीयांश म्हणजे किती जण हे कळायला आधी सभासदांची यादी पाहिजे, आणि यादी सेक्रेटरीच्या कपाटात.

त्यात अजून एक गंमत आहे जी मला इथं गावी आल्यावर कळली. पैसा जमतो तिकडं, खर्च होतो इकडं. मंडळानं देवळाला, शाळेला, कमानीला पैसे पाठवले की तिकडच्या कागदावर 'गावास देणगी' एवढंच येतं आणि त्यांचा विषय संपला. इकडं जीर्णोद्धार कमिटीला विचारलं की म्हणतात मंडळाला विचारा, त्यांनी किती दिले ते त्यांनाच माहीत. मंडळाला विचारलं की गावात विचारा. तिकडचं ऑडिट इकडं बघायला येत नाही आणि इकडची कमिटी बऱ्याचदा कुठं नोंदलेलीच नसते, तिचं कार्यालय म्हणजे सरपंचाच्या भावाच्या दुकानापुढचा बाक. मधी जो राज्याच्या हद्दीवरचा पट्टा आहे ना, तिथं पैसा कुणाचाच नसतो. आणि त्यातला बराच रोख. दोन लाख किंवा वर रोख एका माणसाकडनं एका दिवसात घ्यायला २०१७ पासून बंदी आहे, दोन हजारांच्या वर रोख देणगी दिली तर आयकरात देणगीची सवलत मिळत नाही, हे सोन्याच्या धंद्यातल्या माणसाला काय सांगायला लागतं? पण देवाच्या नावानं पाकीट चालतं.

आता माझं पण सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा लई शहाणा. १९९६ ते ९८ मी खजिनदार होतो. मंडळाचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात वेगळ्या डब्यात ठेवायचो, कधी गिऱ्हाईकाला सुट्टे द्यायला त्यातनं काढायचो, रात्री परत टाकायचो. एका गणपतीनंतर ११४० रुपये कमी पडले. खाल्ले नव्हते, पण गेले कुठं ते मला आजतागायत सापडलं नाही. खिशातनं भरले आणि कुणाला बोललो नाही, वर स्वतःची पाठ थोपटली. चुकलो ते तिथंच. माझ्यामागं जो खजिनदार झाला तो माझ्याच दुकानात शिकलेला, त्यानं बघितलं की कमी पडलं तर सांगायचं नसतं, मग उरलं तर सांगायचं असतं हे त्याला कोण शिकवणार? त्यावेळी दर महिन्याला बाहेरच्या माणसानं येऊन डबा उघडायला लावला असता तर मला अपमान वाटला असता, दोन दिवस तोंड फुगवलं असतं, पण ते ११४० सापडले असते.

कमिटीत काम करणारी माणसं फुकट राबतात हे मला मान्य आहे. मी राबलोय. रात्री अकराला दुकान बंद करून मांडवाच्या बांबूवर चढलोय. पण फुकट राबतो म्हणून हिशोब विचारू नका हे म्हणजे मी तुझ्या विहिरीचा गाळ फुकट काढला, आता पाणी मोजू नको, असं झालं.

माझ्या घरात सून बचत गटात आहे. सरकारच्या उमेद अभियानाचा गट, दहा बायका. त्यांची पंचसूत्री असते, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब लेखन. महिन्याला आमच्या सोप्यात बसतात, एकजण रजिस्टर मोठ्यानं वाचते, कुणाचे शंभर आले, कुणाचा हप्ता थकला, शिल्लक किती, मग सगळ्या सह्या करतात, आणि अधनंमधनं दुसऱ्या गटाची बाई येऊन रजिस्टर तपासून जाते. सातवी शिकलेल्या बायका. मी कट्ट्यावर बसून ऐकतो आणि मला आमची ती हॉलमधली एसी लावलेली सभा आठवते. मंडळानं एवढंच करावं, हिशोब बघायला तीन माणसं अशी नेमावीत जी कमिटीत नाहीत, कमिटीवाल्यांची सोयरी नाहीत आणि ज्यांचा माल कमिटीवाल्यांच्या उधारीवर चालत नाही, त्यातली एक तरी बाई असावी, कारण आमच्या सभेत बायका फक्त हळदी-कुंकवाला. त्या तिघांना सभेनं निवडावं, अध्यक्षानं नाही. पावतीपुस्तकं नंबरानं मोजून द्यावीत आणि मोजून परत घ्यावीत. पुरासारखा निधी असला की त्याचं खातं वेगळं आणि तीन महिन्यात त्याचा कागद, जमा खर्च शिल्लक, प्रत्येक दुकानात पोचवावा. गावाला पैसे पाठवले तर गावच्या कमिटीकडनं बिलं मागवावीत, आणि ती चावडीवर पण लावावीत. यात काय अवघड आहे? सीएला ज्यादा पैसे सुद्धा लागत नाहीत.

काकणभर जास्त बोलतो, पण आपल्याच मुलखात हे झालेलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात आणली, आणि गोरगरिबांच्या बायका जात्यात दळण टाकायच्या आधी एक मूठ बाजूला काढायच्या, तो मुष्टिफंड. मूठ उघडून दिलेलं दान. आमच्या मंडळात देणाऱ्याची मूठ अजून तशीच उघडी आहे, घेणाऱ्याची मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि खरंच सव्वा लाख आहेत का हे बघायला ती उघडायची नाही.

साहेब, तुम्हाला पण एक विनंती. असल्या देणगीच्या बातम्या छापता तेव्हा वार्ताहराला सांगा की एक प्रश्न जास्त विचार, मागच्या वर्षीच्या देणगीचं काय झालं. फोटो थोडा लहान झाला तरी चालेल.

चैत्रात आमच्या गावची यात्रा आहे. तुम्हाला माहीतच आहे, देवळापुढं स्पीकर लावून दोन दिवस देणगीची नावं वाचतात, अमुकतमुक सध्या राहणार सेलम यांच्याकडून पाचशे एक, तमुक राहणार कोचीन यांच्याकडून अकराशे, लहानपणापासनं ऐकतोय, लेझीम थांबवून वाचतात. खर्च मात्र आठवड्यानं चार जण कानात कुजबुजतात. यावर्षी मी कमिटीला लेखी दिलंय की पालखी उठल्यावर अर्धा तास मला माईक द्या, मागच्या वर्षीचा खर्च मी वाचतो, फक्त बिलं द्या. अजून हो पण नाही आणि नाही पण नाही. स्पीकरवाल्याला मात्र मी विचारून ठेवलंय. तो म्हणाला, नाना, अर्ध्या तासाचं वेगळं भाडं घेत नाही, तेवढं जनरेटरचं डिझेल तुम्ही टाका.

आपला,
एक जुना गलाईवाला
ता. खानापूर, जि. सांगली

(पोराच्या दुकानाचा विचार करून नाव छापू नये ही विनंती. पूर्ण नाव-पत्ता वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे.)